हिरवळीखालचे पाणी

अंगणातली हिरवळ माळ्याची आणि परसातली विहीर घराची, अशी आपण वाटणी करून टाकतो. जमिनीला ही वाटणी ठाऊक नसते. विहिरीच्या जागी आज कूपनलिका आली असली, तरी गोष्ट तीच.

गवतावर युरिया फेकला की थोड्याच दिवसांत ते गर्द हिरवे होते आणि माळ्याला शाबासकी मिळते. युरियात वजनाने ४६ टक्के नत्र असते. मातीतले जीवाणू त्याचे आधी अमोनियम व मग नायट्रेट करतात. अमोनियमला चिकणमातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेट मात्र त्यांच्या हाती लागत नाही. मुळांनी उचलले नाही तेवढे ते पाण्याबरोबर खाली उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट इतकी आहे. एका किलो युरियातले सारे नत्र नायट्रेट होऊन झिरपले, तर सुमारे ४५ हजार लिटर निर्मळ पाणी त्या मर्यादेला पोहोचेल. सारे झिरपत नाही हे खरे. पण हात सैल सोडणाऱ्या माळ्याने हा हिशेब एकदा ऐकावा.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात वरच्या दुधातून असे पाणी गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. ओठ आणि नखे निळसर पडतात. घरची आजी काळजीने पाणी उकळून देते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसेच राहते, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते!

म्हणून उपाय बागेतच व्हायला हवा. कापलेले गवत झाडून जाळू नये. बारीक कापून तिथेच पसरू द्यावे, म्हणजे ते कुजून आपले नत्र परत करते. जोडीला वर्षातून एकदा चाळलेले कंपोस्ट दिले, की घरगुती हिरवळीला बहुधा तेवढे पुरते. मावा पडल्यास पाण्याची जोरदार धार मारावी, किंवा साबणाच्या पाण्यात कालवलेले कडुनिंबाचे तेल फवारावे. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही चार दिवसांची मुदत द्यावी. आमच्या कचेऱ्यांपेक्षा ते काम लवकर उरकतात.

मात्र घरगुती ते सारे निर्धोक, असे नव्हे. तंबाखूचा काढा हे विषच आहे. शेणखताच्या ढिगातूनही नायट्रेट आणि जंतू पाझरतात. तो ढीग विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा आणि पावसाळ्यात झाकलेला असावा.