वेलात राहणारा फाटा



मंडळ्यांना भेट देताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "प्रार्थना करतो, वचन वाचतो, पण वाढ काही दिसत नाही. देव जवळ आहे असे वाटतच नाही. मग आणखी काय करावे?" याचे उत्तर मला योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात मिळते.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू आपल्या शिष्यांशी बोलत होता. त्याने स्वतःला खरा द्राक्षवेल म्हटले, पित्याला माळी म्हटले आणि शिष्यांना फाटे. त्या अध्यायाच्या 4 ते 10 या सात वचनांत मूळ ग्रीक भाषेतले 'राहणे' हे क्रियापद दहा वेळा आले आहे. फाट्याला आज्ञा आहे ती राहण्याची. फळ येते ते वेलातून मिळणाऱ्या रसामुळे.

नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या आदिवासी बांधवांना हा दाखला फार समजावून सांगावा लागत नाही. सुरगाणा, पेठ भागातली अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तिथे बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. खरडछाटणीनंतर नवे फुटवे येतात, त्यांच्या काड्या होतात, पण त्या काळात फळाचे पीक घेत नाहीत. नवख्या माणसाला वाटेल, हे महिने वाया गेले. बागेत राबलेल्या माणसाला ठाऊक असते की काडीवरच्या डोळ्यांत पुढचा घड याच काळात तयार होत असतो. फळछाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, त्याची घडण काही महिने आधीच झालेली असते.

आत्मिक वाढही मला अशीच दिसते. कोरड्या वाटणाऱ्या दिवसांत केलेली प्रार्थना वाया जात नाही. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता ही आत्म्याची फळे आधी आत धरतात, मग लोकांना दिसतात. म्हणून वाढ दिसत नाही तेव्हा वेलाला धरून राहावे.

छाटणीविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या वचनातला 'छाटणे' आणि तिसऱ्या वचनातला 'शुद्ध' हे ग्रीक शब्द एकाच मुळातले आहेत, आणि शिष्य शुद्ध झाले ते प्रभूच्या वचनामुळे, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा प्रत्येक दुःखाला देवाची छाटणी म्हणू नये. मजुराची मजुरी बुडवली जाते, पोर औषधावाचून तळमळते, तो अन्याय असतो. तिथे त्या कुटुंबाला धीराचा उपदेश करून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्या बाजूने उभे राहावे. एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा प्रभूने याच अध्यायात दिली आहे.

मग जवळ राहायचे कसे? कामाला निघण्यापूर्वी एक वचन वाचावे. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून ऐकून पाठ करावे. दिवसभर राबताना ते मनात घोळवावे. रात्री घरच्यांसोबत थोडी प्रार्थना करावी, आणि त्या वचनाने जे करायला सांगितले, त्यातले एक तरी काम त्याच दिवशी करावे. चार पत्र्यांच्या खोपीतही हे जमते. देऊळ दूर असले तरी प्रभू दूर नसतो.

आपल्या देणग्यांनी पाड्यांवरचे काम चालते, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण देणाऱ्या फाट्यालाही वेलाचीच गरज आहे. या तिमाहीत रोज दहा मिनिटे प्रभूसमोर शांत बसा, आणि घरापासून दूर, परक्या बागेत राबणाऱ्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू