सुती कपड्यांची चुणी आणि पाणी
सुती सदऱ्यावर इस्त्रीआधी पाणी का शिंपडतात? कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. प्रत्येक कडीवर ३ हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांच्यामुळे शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. कापड दुमडलेलं असताना असे बंध जुळले की चुणी पक्की होते. पाण्याचे रेणू तंतूच्या विस्कळीत भागांत शिरून हे बंध सोडवतात. घट्ट रचलेल्या स्फटिकी भागांत त्यांना शिरकाव नसतो, म्हणून तंतू फुगतो, पण विरघळत नाही. सैल झालेल्या साखळ्या इस्त्रीखाली सरळ होतात, पाणी उडून जातं आणि नवे बंध सपाट स्थितीतच जुळतात. तेव्हा सुती कपडे किंचित दमट असतानाच इस्त्री करा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच घडी घाला.