‘वर सांगितले होते’ एवढ्याने भागते का?

मागच्या पंधरवड्यात एक क्रीडाशिक्षक रक्तदाब तपासून घ्यायला आले. जुनी ओळख. वरचा आकडा १५० च्या पुढे गेलेला. गोळी चालू आहे, मीठ कमी आहे, झोप मात्र नाही म्हणाले. तपासून झाले तरी उठेनात. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. शेवटी हळूच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्याकडं मुलींना शिकवायला बाहेरून एक जण येतोय. दोन मुली आमच्या बाईंपाशी काहीतरी बोलल्या. स्नायू आखडले म्हणून मालिश करतो म्हणं, अन् हात नको तिथं जातो. मी प्राचार्यांच्या कानावर घातलं. माझं काम झालं ना?”

त्यांना त्या दिवशी जे सांगितले तेच आज या सदरात लिहितो आहे. गाव, कॉलेज, खेळ यांपैकी काहीही लिहिणार नाही, वाचकांनीही अंदाज बांधत बसू नये. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण अशी मुले-मुली बहुधा पोलिसांकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात. पोट दुखते म्हणून येतात, चक्कर येते म्हणून येतात.

आधी माझीच चूक सांगतो. भूममध्ये दवाखाना टाकून तेव्हा दोन-तीनच वर्षे झाली होती. अकरावीतली एक मुलगी आईबरोबर एस.टी.ने आली. खो-खो चांगली खेळायची. आई म्हणाली, “साहेब, दोन महिने झालं, पोरीचं पोट दुखायलंय.” तपासले, पोट मऊ. लघवीची तपासणी स्वच्छ. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, पित्ताचे औषध दिले. तिसऱ्या खेपेला आई सहज बोलून गेली, “रविवारी दुखत नाही बघा.” रविवारी सराव नसायचा. माझ्या मनात चुकचुकले. मी आईसमोरच विचारले, “कोणी त्रास देतं का गं?” मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मी काय केले? तिच्या कॉलेजातले एक वडीलधारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. ते रस्त्यात भेटले तेव्हा म्हणालो, “मुलींच्या सरावाकडं जरा लक्ष ठेवा.” ते म्हणाले, “बघतो.” केसपेपरवर मी ‘गॅस्ट्रायटिस’ असे लिहिले. चौथ्या खेपेला मुलगी आली नाही. काही महिन्यांनी आई धाकट्याला तापासाठी घेऊन आली तेव्हा कळले की मुलीने खेळ सोडला, कॉलेज सोडले आणि दिवाळीनंतर तिचे लग्नही झाले. खरे काय होते ते मला आजही माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी शोधले नाही आणि ज्यांचे काम शोधण्याचे, त्यांच्यापर्यंत पोहोचवलेही नाही. त्या वेळी आजच्यासारखा कायदा नव्हता, हे खरे. तरी ‘बघतो’ या शब्दावर मी समाधान मानले, ते कायदा नव्हता म्हणून नव्हे. मला सुटल्यासारखे वाटले होते म्हणून.

‘वर सांगितले’ या वाटेने काय होते, याचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठाचे आहे. ‘पेन स्टेट’ या नावाने ते ओळखले जाते. तिथे फुटबॉल म्हणजे दैवत. २००१ मध्ये जेरी सँडस्की हा निवृत्त सहप्रशिक्षक एका लहान मुलाबरोबर न्हाणीघरात काय करतो आहे, हे एका तरुण सहायकाने पाहिले. त्याने दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितले. पॅटर्नोंनी क्रीडासंचालकांना सांगितले. तिथून गोष्ट उपाध्यक्षांकडे आणि अध्यक्षांकडे गेली. प्रत्येकाने आपापल्या वरच्याला सांगितले आणि पोलिसांना कोणीच कळवले नाही. सँडस्कीला अटक झाली ती २०११ च्या नोव्हेंबरात, म्हणजे दहा वर्षांनी. २०१२ मध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला. दहा मुलांच्या बाबतीतले ते आरोप होते. पॅटर्नोंची नोकरी गेली. तिघा वरिष्ठांना पुढे २०१७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की अत्याचार झालेले सगळे मुलगे होते. आपल्याकडे ‘पोराला काय होतंय’ म्हणून तालमीत, वसतिगृहात, शिबिरात मुलगे निर्धास्त पाठवले जातात.

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायातले आहे, लिहिताना शरम वाटते. लॅरी नासर हा मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आणि अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. कंबर, मांडी, पाय दुखतो म्हणून आलेल्या मुलींवर तो ‘उपचारा’च्या नावाखाली अत्याचार करीत असे. १९९७ मध्येच एका मुलीने विद्यापीठातल्या प्रशिक्षिकेला सांगितले होते. तुझा गैरसमज झाला असेल, असे तिला ऐकून घ्यावे लागले. २०१८ च्या जानेवारीत त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, तोवर दीडशेहून अधिक जणी न्यायालयात उभ्या राहून बोलल्या होत्या. माझ्या दवाखान्यात मुलीला तपासताना परिचारिका किंवा आई खोलीत असतेच. मालिश असो वा पट्टी बांधणे असो, बंद खोलीत एकट्या मुलीला कोणी हात लावणार असेल, तर तो डॉक्टर आहे की प्रशिक्षक हे विचारू नका, दार उघडे ठेवायला सांगा.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी, दोघेही येतात. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी ती माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. प्राचार्यांना सांगितले, संस्थाचालकांना सांगितले, म्हणजे पोलिसांना सांगितले असे होत नाही. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि जो प्रामाणिकपणे कळवतो, त्याची शंका पुढे खोटी ठरली तरी त्याच्यावर कारवाई होत नाही, अशीही तरतूद १९ व्या कलमात आहे. ही शेवटची गोष्ट आमच्या क्रीडाशिक्षकांना ठाऊक नव्हती. ‘उद्या सिद्ध नाही झालं तर माझी नोकरी जाईल’ हीच त्यांची धास्ती होती. सिद्ध करणे हे त्यांचे काम नव्हेच.

डॉक्टरांना हा कायदा कसा लागतो, याचा निकाल आपल्याच राज्यातल्या प्रकरणात लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार कळूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, असा गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बऱ्याचदा त्यामुळे गुन्हेगाराला पाठीशी घातले जाते, अशा आशयाचे न्यायालयाने म्हटले. तो डॉक्टर दोषी की निर्दोष हे त्या निकालाने ठरवले नाही, त्याच्यावरची कारवाई सुरुवातीलाच मोडीत काढता येणार नाही एवढेच ठरवले. तरी तो निकाल वाचला त्या रात्री मला माझा तो ‘गॅस्ट्रायटिस’चा कागद आठवला.

कॉलेजातली मुलगी म्हणजे सज्ञान, असा एक गैरसमज आहे. अकरावी-बारावीची मुले सोळा-सतरा वर्षांची असतात, पदवीच्या पहिल्या वर्षालाही काही जण अठराच्या आत असतात. त्या सगळ्यांना पॉक्सो लागू आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या बाबतीत मात्र तक्रार करायची की नाही यात तिचा शब्द महत्त्वाचा. तिच्यासाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. त्यात क्रीडासंस्था, मैदान, स्पर्धेचे ठिकाण हेही ‘कामाच्या जागे’त धरले आहे. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, तक्रार शक्यतो तीन महिन्यांत लेखी द्यावी. लहान खासगी अकादमीत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. बलात्कारासारखा गुन्हा असेल तर दवाखान्याने मोफत उपचार करणे आणि पोलिसांना कळवणे आवश्यक आहे. पोलिसांना जबाब द्यायचा नाही असे ती म्हणाली, तरी उपचार नाकारता येत नाहीत.

समित्या कागदावर असतात, हे मलाही दिसते. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांचा आरोप महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरच होता. मग ‘वर’ म्हणजे कोणाला सांगायचे? गुन्हा नोंदवला गेला एप्रिलअखेर, तोही सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. अध्यक्षांनी ते नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या नावावरचे वेगळे प्रकरण मे २०२५ मध्ये बंदही झाले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण ज्यांच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक, त्यांनाही रस्त्यावर बसावे लागले, तर वाडी-वस्तीवरून एस.टी.ने सरावाला येणाऱ्या पोरीची काय कथा?

त्या पोरीची अडचण आपण समजून घेत नाही. आपला जिल्हा खो-खोचा. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून कित्येक आईबापांनी मुलींना हौसेने मैदानावर पाठवले. चांगलेच झाले. खेळामुळे मुलींचे हिमोग्लोबिनकडे लक्ष जाते, लग्न दोन वर्षे लांबते, हे मी दवाखान्यात बसून पाहतो. पण दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, यांची वाट संघनिवडीतून आणि प्रमाणपत्रातून जाते. म्हणजे मुलीचे भवितव्य प्रशिक्षकाच्या हाती आले. त्यात घरी कळले तर खेळ बंद, हे ती जाणून असते. म्हणून ती गप्प बसते आणि पोट दुखू लागते.

पालकांनी कशाकडे पाहावे? तपासणीत काही न सापडणारे, ठरावीक दिवशीच होणारे पोटदुखी-डोकेदुखीचे दुखणे, झोप उडणे, एकाएकी जेवण तुटणे, पाळी चुकणे, लघवीला जळजळ, आवडत्या खेळाला जायची टाळाटाळ, एखाद्या माणसाचे नाव निघताच गप्प होणे, अंगावर स्वतःच करून घेतलेल्या जखमा. यातल्या एकाने काहीच सिद्ध होत नाही. भरपूर सराव आणि अपुरे जेवण यानेही पाळी चुकते. पण दोन-तीन गोष्टी जुळल्या तर मुलाला किंवा मुलीला एकटे घेऊन बसा. माझ्यासारखे चारचौघांत विचारू नका. “काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग” एवढेच म्हणा. “अमक्यानं केलं का?” असे तोंडात शब्द घालू नका आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. “तू सांगितलंस ते बरं केलंस” हे मात्र जरूर म्हणा.

घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. सरकारी दवाखान्यात लगेच न्या. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही पहिल्या ७२ तासांत घेतलेली बरी, फार तर पाच दिवसांपर्यंत. पुराव्याचे नमुनेही दिवसागणिक नाहीसे होतात. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरने पूर्वीची ती ‘दोन बोटांची’ तपासणी करायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे. कोणी करू लागले तर पालकांनी नकार द्यावा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२, हे दोन क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

क्रीडाशिक्षकांना मी म्हणालो, “सर, मुली सतरा वर्षांच्या आहेत. तुम्ही अन् बाई, दोघांनी मिळून ठाण्यात लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. प्राचार्यांनाही त्याची प्रत द्या.” ते बराच वेळ पट्टा बांधलेल्या दंडाकडे पाहत बसले. मग विचारले, “अन् मुलींचं काय हो? स्पर्धा तोंडावर आलीय.”

प्रश्न बरोबर होता. अशा वेळी पहिली पाळी मुलींवर येते. ‘थोडे दिवस येऊ नका’ असे त्यांनाच सांगितले जाते, बदनामी नको म्हणून. मी म्हणालो, त्या माणसाला मैदानावरून दूर करा आणि मुलींना संघात ठेवा, सराव बाईंनी घ्यावा, आई-आजी कोणी बसत असतील तर कडेला बसू द्या. त्यांनी कागद मागितला. माझ्या औषधांच्या चिठ्ठीच्या पाठीवरच त्यांनी दोन ओळी खरडल्या आणि ठाण्यात बरोबर याल का, म्हणून विचारले. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो, तेव्हा या, असे मी सांगितले.