योगाभ्यास : घाटावरून प्रयोगशाळेत

योगी म्हटला, की जटाधारी व संसारापासून दूर गेलेला पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. वाराणसीच्या घाटांवर असे साधू आजही दिसतात. परंतु याच नगरीत एकोणिसाव्या शतकात श्यामाचरण लाहिडी (१८२८–१८९५) राहत असत. ते सरकारच्या लष्करी बांधकाम खात्यात नोकरी करीत, प्रपंच चालवीत आणि योगाभ्यासही करीत. आपली साधना त्यांनी इतर गृहस्थांना शिकविली. योग हा केवळ संन्याशाचा अधिकार नव्हे, हे त्यांच्या उदाहरणाने दिसून आले. मात्र सामान्य माणसाच्या शरीरावर योगाचा नेमका कोणता परिणाम होतो, हे ठरविण्यास श्रद्धा पुरेशी नव्हती. त्यासाठी मोजमाप हवे होते.

अशा मोजमापाचा एक आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी नौली, उड्डियान इत्यादी क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते याचा अभ्यास केला.

अशा परीक्षेपुढे काही चमत्कार टिकले नाहीत. काही योगी आपले हृदय इच्छेनुसार थांबवितात, असे सांगितले जात असे. वेंगर, बागची व आनंद या शास्त्रज्ञांनी भारतात केलेले प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाले. योग्याची नाडी हाताला लागेनाशी होई, हृदयाचे ध्वनीही क्षीण होत. पण विद्युत्‌लेखात हृदयाचे स्पंदन चालूच असल्याचे दिसले. श्वास कोंडून स्नायू आवळले असता छातीतील दाब वाढतो व हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. नाडी मंदावण्याचे कारण हेच होय.

चमत्कार बाजूस सारल्यावर उरतो तो रोजचा साधा अभ्यास. त्याची तपासणी काशी हिंदू विश्वविद्यालयात झाली. तेथील वैद्यकविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. के. एन. उडुपा हे आयुर्वेद व आधुनिक शल्यशास्त्र या दोहोंचे जाणकार होते. त्यांनी रामहर्ष सिंह प्रभृती सहकाऱ्यांसह १९७० च्या दशकात निरोगी तरुण स्वयंसेवकांवर योगाभ्यासाचे परिणाम तपासले. शरीरक्रिया, अंतःस्रावी ग्रंथी आणि चयापचय हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. मानसिक ताणापासून उद्भवणाऱ्या विकारांकडे त्यांचे विशेष लक्ष होते.

ताण आणि श्वास यांचा संबंध कसा येतो? हृदय, पचन इत्यादी क्रिया आपल्या इच्छेवाचून चालविणाऱ्या मज्जासंस्थेस स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिची एक शाखा संकटकाळी शरीरास सज्ज करते, तर दुसरी विश्रांती देते. या संस्थेचे बहुतेक व्यापार आपल्या हाती नसतात. श्वास मात्र आपणहून चालतो आणि आपल्याला बदलताही येतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांत असता मिनिटास सुमारे १२ ते २० श्वास घेतो. इटलीतील बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो वा योगपरंपरेतील मंत्र असो, त्याच्या पठणाने श्वास मिनिटास सुमारे ६ पर्यंत मंदावतो आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते. हा लाभ कोणा एका पंथाचा नाही.

लाभाची मर्यादाही ओळखली पाहिजे. दीर्घकालीन कंबरदुखीत योगाने काहीसा आराम पडतो आणि रक्तदाब थोडाफार उतरू शकतो; परंतु तो औषधांची जागा घेत नाही. मधुमेही व्यक्तीने योगाच्या भरवशावर इन्सुलिन बंद केल्यास प्राणावर बेतू शकते. शीर्षासनात डोळ्यांतील दाब वाढतो. म्हणून काचबिंदूच्या रुग्णाने ते आसन टाळावे. गरोदर स्त्रियांनी व हृदयरोग्यांनी वैद्याचा सल्ला घेऊनच आरंभ करावा.

या अभ्यासास उपकरणे लागत नाहीत. एक सतरंजी व मोकळी हवा पुरते. वृद्धांनी खुर्चीवर बसून श्वसनाचा अभ्यास केला तरी चालतो. पोट रिकामे असावे, श्वास बळाने कोंडू नये, वेदना होताच थांबावे आणि प्रारंभीचे धडे जाणत्या शिक्षकाकडून घ्यावेत. शक्य झाल्यास रक्तदाबाची नोंदही ठेवावी, म्हणजे आपल्या अभ्यासाचा परिणाम आपल्यालाच तपासून पाहता येईल.