कापडी टपाची निगा

१९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. आठ महिने धूळ, उरलेले चार महिने धो धो पाऊस. कापडी टपाची याहून कडक परीक्षा कुठली?

रिक्षाचा रेक्झिनचा हूड ओल्या फडक्यानेही निभावतो. २०२० च्या महिंद्रा थारसारख्या गाड्यांचा सॉफ्ट टॉप मात्र थोडे लाड मागतो. कापड विणलेले असेल, तर धूळ थेट विणीत शिरते. म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडायचे. मग सावलीत, सौम्य साबणाने, हलक्या हाताने धुवायचे. साबण पूर्ण निघायला हवा, नाहीतर कापड पाणी धरू लागते. ब्लीच शिवणीचा धागा कमकुवत करते. प्रेशर वॉशर जवळून मारणे म्हणजे हौसेने केलेले नुकसानच.

थेंब मोत्यासारखे उभे राहिले, की जलरोधक लेप शाबूत. कापड गडद होऊन पाणी पिऊ लागले, की टप पूर्ण वाळवून कापडासाठीचाच वॉटर-रिपेलंट फवारा मारावा.

ओला टप दुमडून ठेवला, तर पावसाळ्यात बुरशी ठरलेलीच. आणि प्लास्टिकच्या पारदर्शक खिडकीवर कोरडे फडके फिरवू नका. ओरखडे जात नाहीत.