कुमारांचं गाणं ‘सराउंड’मध्ये ऐकताय? आधी हे वाचा

उज्जैनपासून तासाभरावर देवास. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथं गेले अन् माळव्याचेच झाले. त्यांचं गाणं आता उज्जैन काय, बेळगाव काय, मोबाइलवर ‘सराउंड’ लावूनही ऐकता येतं. पण जरा थांबा. डॉल्बी ॲटमॉसच्या अल्बमसाठी वाद्यं सहसा वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात. मग मिक्सिंगमध्ये प्रत्येकाची जागा ठरते: पुढे, मागे, डोक्यावर. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात मात्र गळा, तानपुरा, तबला सगळं एकत्रच. त्यावर फोन नुसता घुमारा चढवतो, तानपुऱ्याची आस पुसट होते. म्हणून ‘ॲटमॉस’ लिहिलेल्या अल्बमलाच सराउंड ठेवा, जुन्या मैफलीला बंद करा. बघा, स्वर कसा समोर येतो!