विक्रीपूर्व गृहसज्जा : तिचे मूल्य आणि तिचा व्यय
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

१. विषयाची व्याप्ती

घर विकावयास काढण्यापूर्वी त्यास रंग देणे, अडगळ काढणे, दिवाबत्ती सुधारणे, प्रसंगी भाड्याचे फर्निचर आणून खोल्या मांडून दाखविणे, या सर्व खटाटोपास प्रस्तुत लेखात ‘विक्रीपूर्व गृहसज्जा’ असे म्हटले आहे. राहण्यासाठी केलेली सजावट आणि विकण्यासाठी केलेली सज्जा यांत मूलभूत भेद आहे. पहिलीचा उपभोग खर्च करणारा स्वतः घेतो; दुसरीचा उपभोग कोणीच घेत नाही. तिचे फळ मिळालेच तर ते सौद्यातूनच मिळते. म्हणून ती उपभोग-खर्चात न धरता विक्रय-व्ययात धरली पाहिजे आणि तिची परीक्षाही त्याच कसोटीवर झाली पाहिजे.

अमेरिकेत हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला असून बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७२ च्या सुमारास त्यास आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडे वैयक्तिक विक्रेत्यांसाठी तो व्यवसाय म्हणून अद्याप फारसा रुजलेला नाही. तथापि बांधकाम व्यावसायिकांची ‘सँपल फ्लॅट’ ही संस्था मात्र पक्की रुजली आहे. या दोन्ही प्रकारांचा एकत्र विचार केल्यास असे दिसते की, सज्जेने विक्रेत्यास मुख्यतः काळ विकत मिळतो, किंमत नव्हे. या विधानाची उपपत्ती आणि मर्यादा पुढे मांडावयाची आहे.

२. औद्योगिक पट्ट्यातील गृहबाजार

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या परिसरात कारखानदारी वेगाने पसरली. कामगारांना निवासाची सोय व्हावी या हेतूने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. पुढे चाकणचा विस्तार झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे तेथील कारखाने सुरू झाले. निगडी-प्राधिकरणातील जुनी घरे, पिंपळे सौदागर व वाकड येथील गृहसंकुले आणि चाकणच्या वाटेवरील मोशी-चिखलीतील नव्या इमारती हे या बाजाराचे तीन ठळक स्तर होत.

या बाजाराची दोन वैशिष्ट्ये आपल्या विषयास महत्त्वाची आहेत. एक, ग्राहक बहुशः पगारदार असून तो बँकेच्या कर्जावर घर घेतो. दोन, विक्रीस येणाऱ्या घरांपैकी पुष्कळशी भाड्याने दिलेली असतात, कारण कारखान्यांत नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञांची व अभियंत्यांची भाड्याच्या घरांना सतत मागणी असते. पहिले वैशिष्ट्य सज्जेच्या मूल्यास मर्यादा घालते. दुसरे तिचा व्यय वाढविते.

३. किंमत की कालावधी?

सजविलेले घर अधिक किमतीस विकले जाते, हा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील घरविक्री-दलालांची राष्ट्रीय संघटना यासंबंधी वेळोवेळी पाहणी करते. परंतु त्या पाहणीत दलालांची मते विचारली जातात, प्रत्यक्ष सौद्यांची तुलना केली जात नाही. शिवाय जो विक्रेता घर सजवितो तो बहुधा मुळातच काटेकोर असतो. त्याचे घर चांगले राखलेले असते, कागद नीट असतात. अशा घराला बरी किंमत आली तर ती सज्जेमुळे की विक्रेत्याच्या स्वभावामुळे, हे साध्या तुलनेने ठरविता येत नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी ही निवडीची अडचण विशेष ध्यानात ठेवावी.

ही अडचण टाळण्याचा एक प्रयत्न मार्क लेन, मायकेल सायलर आणि विकी सायलर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतो. आठशेहून अधिक ग्राहकांना त्यांनी एकच घर चित्रफितीद्वारे निरनिराळ्या अवस्थांत दाखविले : भिंतींचा रंग सौम्य किंवा भडक, फर्निचर चांगले, वाईट किंवा मुळीच नाही. ग्राहकांनी घराची जी किंमत लावली तीत या फरकांमुळे लक्षणीय अंतर पडले नाही. मात्र घर राहण्यास कितपत योग्य आहे आणि एकंदरीत कसे आहे, याविषयीचे त्यांचे मत निश्चितपणे बदलले. म्हणजे सज्जेने पसंती वाढली, किंमत नाही.

आपल्या पट्ट्यात हा निष्कर्ष अधिकच बळकट ठरण्यास एक स्थानिक कारण आहे. बँक कर्ज देते ते करारातील किंमत आणि मूल्यमापकाने ठरविलेले मूल्य यांपैकी जे कमी असेल त्यावर. मूल्यमापक चटई क्षेत्र, इमारतीचे वय, मजला, आसपासचे सौदे पाहतो. पडदे आणि झुंबरे पाहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपेक्षा अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाचे प्रमाण मूल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि मुद्रांक शुल्क त्या मूल्यात धरले जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सदनिकेची किंमत व बँकेचे मूल्यांकन दोन्ही ६० लाख रुपये आहेत. कर्ज ४८ लाख मिळेल. ग्राहकाला स्वतःजवळचे १२ लाख, ७ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे (त्यात स्थानिक व मेट्रो अधिभार आलेच) ४ लाख २० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार असे एकूण १६ लाख ५० हजार उभे करावे लागतील. आता सज्जेवर भुलून त्याने ६२ लाखांचा करार केला असे समजा. मूल्यांकन ६० लाखांवरच राहिले तर कर्ज ४८ लाखांचेच. ग्राहकाचा स्वतःचा भाग १८ लाख ६४ हजारांवर जातो. किंमत सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढली, पण रोख भार मात्र सुमारे १३ टक्क्यांनी वाढला. भविष्यनिर्वाह निधीतून आणि दागिन्यांवर पैसे उभे करणाऱ्या कुटुंबाला हा फरक झेपत नाही, आणि सौदा बँकेच्या मूल्यांकनाशीच येऊन थांबतो. सज्जेचा अधिमूल्यांश तारण ठेवता येत नाही, हे यातील सूत्र होय.

४. व्ययाचा हिशेब

किंमत वाढत नसेल, तर सज्जेचा लाभ कशात? तो प्रतीक्षेचा काळ कमी होण्यात. ग्राहक आज प्रथम दूरध्वनीच्या पडद्यावर छायाचित्रे पाहतो आणि त्यांवरून निवडक घरे पाहण्यास जातो. जे घर या पहिल्या चाळणीतून गळाले, त्याचे अन्य गुण कितीही असले तरी ते त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. सज्जा घराला या चाळणीतून पार नेते. म्हणून तिचा खर्च वाचलेल्या प्रतीक्षेच्या खर्चाशी ताडून पाहिला पाहिजे.

वरील ६० लाखांच्या सदनिकेत अडकलेल्या भांडवलाचा संधिव्यय वर्षाला ७ टक्के धरल्यास दरमहा ३५ हजार रुपये होतो. सोसायटीचा देखभाल खर्च ३ हजार मिळविला म्हणजे प्रतीक्षेचा मासिक खर्च ३८ हजार झाला. रंग, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि काही काळ भाड्याचे फर्निचर यांवर ८० हजार खर्च होतो असे मानू. रिकाम्या घराच्या मालकाने विक्री सुमारे २ महिने आणि ३ दिवसांनी अलीकडे आणली की खर्च भरून निघतो. सहा महिन्यांऐवजी घर चार महिन्यांच्या किंचित आत विकले गेले तरी पुरे.

आता हेच घर दरमहा १८ हजार रुपये भाड्याने दिलेले आहे असे समजा. भाडे मिळत असल्याने मालकाचा प्रतीक्षेचा निव्वळ खर्च २० हजारच आहे. सहा महिन्यांत तो १ लाख २० हजार होतो. परंतु सज्जेसाठी भाडेकरूस घर रिकामे करावयास सांगावे लागते, आणि त्या दिवसापासून मासिक खर्च ३८ हजारांवर जातो. ८० हजारांच्या सज्जेनंतर उरतात ४० हजार. म्हणजे रंगकामाचे दिवस धरून घर जेमतेम एका महिन्यात विकले गेले पाहिजे. सहा महिन्यांचा काळ एका महिन्यावर आणणे रंगाच्या हातून क्वचितच घडेल. भाडेकरू असलेल्या घराची सज्जा बहुधा तोट्याची ठरते, कारण तिचा सर्वांत मोठा व्यय रंगाऱ्याच्या बिलात दिसतच नाही. तो बुडालेल्या भाड्यात असतो. अशा मालकाने गुंतवणुकीसाठी घर पाहणारा ग्राहक शोधणे अधिक हिताचे, कारण त्याला चालू भाडे हीच सजावट वाटते.

यातील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून रीत तीच ठेवावी. बदली झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी परतणाऱ्या कामगाराला ८० हजार ही लहान रक्कम नव्हे. त्याला ‘सजवा म्हणजे भाव येईल’ असा सल्ला देणारा दलाल मात्र त्या खर्चातील एक पैसाही सोसत नाही.

५. नमुना सदनिकेचे अर्थशास्त्र

बांधकाम व्यावसायिकाची स्थिती निराळी आहे. नमुना सदनिकेवर १५ लाख खर्च झाले आणि संकुलात २०० सदनिका असल्या तर प्रत्येकीवर साडेसात हजारांचाच भार पडतो. वैयक्तिक विक्रेत्याला हा विभागणीचा लाभ नाही. पण महत्त्वाचा भेद याहून खोल आहे. जुन्या घराचा ग्राहक जे पाहतो तेच घेतो. नव्या संकुलाचा ग्राहक एक घर पाहतो आणि दुसरे, अजून न बांधलेले, घेतो. आखूड पलंग, दारे काढून ठेवलेल्या चौकटी, समोरासमोर लावलेले आरसे आणि भरपूर उजेड यांनी खोली मोठी भासते. ताबा मिळाल्यावर नेहमीच्या मापाचे कपाट त्या खोलीत मावत नाही, तेव्हा हा भास ओसरतो.

विक्रेत्याला मालाची जी माहिती आहे ती ग्राहकाला नसेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. या विषमतेवर कायद्याने काही उतारा दिला आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीबरोबरच नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. तिच्यावर विसंबून रक्कम भरलेल्या ग्राहकाचे त्यातील खोट्या माहितीमुळे नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई दिली पाहिजे. ग्राहकास प्रकल्पातून बाहेर पडावयाचे असल्यास रक्कम व्याजासह परत दिली पाहिजे. त्याच अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली : बाहेरील भिंती, सेवा-नलिकांच्या जागा, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून, परंतु आतील भिंती धरून, वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र. नमुना सदनिकेत जाणाऱ्या ग्राहकाने हातात मोजपट्टी आणि करारातील विनिर्देशांची यादी ठेवावी. सज्जेचा प्रभाव मोजमापाने सर्वांत लवकर कमी होतो.

६. सज्जा आणि लपवणूक

जुन्या घराच्या विक्रेत्यास कलम १२ लागू होत नाही. पण म्हणून तो मोकळा नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ अन्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि ग्राहकास साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट मानले जाते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर उन्हाळ्यात रंगाचा हात मारून घर दाखविणे ही सज्जा नव्हे. गळतीचे मूळ काढून मग रंग दिला तर ती दुरुस्ती; मूळ तसेच ठेवून रंग दिला तर ती लपवणूक. दोहोंचा रंगाचा खर्च सारखाच असतो, पण दुसरीत पहिल्या पावसाबरोबर एक कायदेशीर देणे उभे राहते.

या पट्ट्यात आणखी एक सज्जा अशी आहे की जिला रंग लागत नाही. प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असल्याने त्यांच्या हस्तांतरणास परवानगी व शुल्क लागते. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र व अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि महानगरपालिका यांच्याकडे विभागले गेले. त्यामुळे अर्ज कोठे करावयाचा, हे आधी निश्चित करणे प्राप्त झाले. अनधिकृत बांधकामांवरील थकीत शास्तीकर राज्य शासनाने २०२३ मध्ये माफ केला, परंतु करमाफी म्हणजे बांधकामास मान्यता नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक २, सोसायटीचे भागपत्र व ना-हरकत दाखला, मिळकतकराची पावती हे कागद तयार असलेले घर बँकेच्या टेबलावरून लवकर सुटते. प्रतीक्षेचे जे दिवस रंगाने वाचत नाहीत ते पुष्कळदा या कागदांनी वाचतात, आणि त्यांचा खर्च रंगाच्या तुलनेत अल्प असतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. विक्रीपूर्व सज्जेचे मूल्य वाचलेल्या महिन्यांनी मोजावे, वाढीव किमतीने नव्हे. कर्जावर चालणाऱ्या बाजारात किंमत बांधणारा हात मूल्यमापकाचा असतो. रिकाम्या घरात बेताची सज्जा, विशेषतः स्वच्छता, उजेड आणि सौम्य रंग, बहुधा फलदायी ठरते. भाड्याने दिलेल्या घरात ती क्वचितच ठरते. कागदपत्रांची सिद्धता मात्र दोहोंतही प्रथम करावी.

या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोंदणीकृत करारातील किमतींबरोबर घर विक्रीस काढल्याची तारीखही गोळा करावी. नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात किंमत सापडते, प्रतीक्षा सापडत नाही. आणि सज्जेचा सारा हिशेब त्या प्रतीक्षेतच दडलेला आहे.